गज कोणी सैल केला?

१

“काका, तुम्ही स्वतः कधी एखादं वाद्य वाजवलंय, की आजवर नुसती नाणीच वाजवलीत?”

प्रश्न विचारला टिटवीने, पण तो शिजला होता शाळेच्या मागच्या बाकावर. मैत्रिणींनी पैजच लावली होती. विद्यापीठाच्या संगीत विभागाला देणगी द्यायला जो बडा पाहुणा येणार आहे, त्याला सगळ्यांदेखत, डोळ्याला डोळा भिडवून हे विचारायचं. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. आणि पुरावा? पुरावा कशाला हवा, तुझी आई तुला झापेल तो आवाज शाळेपर्यंत येईलच.

मागच्या वर्षीची टिटवी असती, तर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिली असती. पण यंदा तिला कंठ फुटला होता. व्हायोलिनच्या सरांनी तिला एका कार्यक्रमात एकटीला रंगमंचावर उभं केलं, ती विसरली नाही, पडली नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नावच घेईना. टिटवी हे नाव तिला तेव्हाच पडलं, आणि ते तिने पदकासारखं मिरवलं.

प्रश्न तळघरभर घुमला. आईचे डोळे असे वटारले गेले की टिटवीला दप्तर आधीच हलकं वाटायला लागलं. आई म्हणजे संगीत विभागाची प्रमुख, आणि आजची संध्याकाळ म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या धडपडीचं फळ.

पाहुणा मात्र खो खो हसला. गळ्यात मफलर, अंगात जाड कोट, आवाज सभागृहाला पुरेल एवढा. “छे गं! उभ्या आयुष्यात वाद्याला हात लावला नाही. पण तुमचं ते जुनं व्हायोलिन मी घेणार ते वाजवायला नाहीच मुळी. कार्यालयात आल्या आल्या समोर जी भिंत दिसते ना, तिथे टांगणार. काचेत. वर छोटा दिवा.”

“काचेत,” सर पुटपुटले. सरांचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. छताचं प्लास्टर हातावर पडलं म्हणून हाताला प्लास्टर घालावं लागलं, हा विनोद ते स्वतःच सगळ्यांना सांगत, पण हसत नसत.

तोच तर सगळा मुद्दा होता. विभागाच्या सरावाच्या खोल्या होत्या तळघरात. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, भिंतींना ओल, ओलीला वास, छताला पोपडे. पियानोच्या पट्ट्या फुगून बसलेल्या, एक दाबली की शेजारणीला घेऊन खाली जायची. हे सगळं दुरुस्त करायला विद्यापीठ पैसे देत नव्हतं. म्हणून आज वर सभागृहात कार्यक्रम होता, आणि कार्यक्रमाच्या शेवटी विभागाचं सगळ्यात जुनं व्हायोलिन या पाहुण्याच्या हाती द्यायचं होतं. त्या बदल्यात खोल्यांचा सगळा खर्च त्यांचा.

त्याआधी पाहुण्याला तळघर दाखवायचं, हा आईचा बेत. टिटवीने त्याला नाव ठेवलं होतं ‘दुर्दशादर्शन’. आईने सकाळीच फर्मान काढलं होतं, “आज कोणीही काहीही दुरुस्त करायचं नाही! पाहुण्यांना दिसू दे.” हे फर्मान खरं तर एकाच माणसासाठी होतं. बाबा विद्यापीठाच्या इमारतींचे अभियंता. गळका नळ दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. आईने त्यांची हत्यारांची पिशवी वरच ठेवून घेतली होती.

“पण हे दार तरी,” बाबा सकाळपासून म्हणत होते. “फुगलंय. जरा रंधा मारू दे. पूर्ण लागलं तर अडकेल.”

“मग पूर्ण लावू नका,” आई म्हणाली होती.

जिन्याच्या पायथ्याशी होतं ते दार; त्याच्या आत आणखी चार पायऱ्या उतरल्या की बोळ. जाडजूड, आतून गादीसारखं अस्तर लावलेलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. निधीताई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. देणग्या गोळा करणं हे त्यांचं काम, आणि हसू ओठांवर चिकटवून ठेवणं ही त्यांची हातोटी.

“आणि सर,” त्या पाहुण्याला म्हणाल्या, “दार लावलं की इथे बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बघायचंय?”

“नको!” आई आणि बाबा एकदमच ओरडले. दोघांचं एवढं एकमत टिटवीने पहिल्यांदाच पाहिलं.

पण पाहुण्याने दाराला कोटाचा खांदा लावला होता. दार चौकटीत घुसलं, कण्हलं, आणि बसलं.

२

पहिली पाच मिनिटं सगळे हसले. मग पाहुण्याने कडी ओढली. मग बाबांनी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली, आणि कडी त्यांच्या हातात आली.

फोनला तळघरात रेंज नव्हती. ओरडून उपयोग नव्हता. अस्तर लावलेल्या दारामागे माणूस कितीही ओरडला तरी वर जिन्यात कुजबुजीएवढंही पोचत नाही.

“घाबरू नका काका,” टिटवी म्हणाली. “मी चार वर्षांची असताना न्हाणीघरात कोंडले गेले होते. बाबांनी चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्यांचे खिळे उपटले आणि दार उचलून बाजूला ठेवलं! आमच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात.”

“ते दार पातळ होतं,” बाबा म्हणाले आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले. “हे नाही जमायचं. वर लोक जमलेत. आपण दिसत नाही म्हटल्यावर कोणीतरी येईलच.”

ते दंड चोळत होते. तळघरात गारठा होता.

“स्वेटर कुठे टाकलात?” आईने विचारलं.

“गाडीत राहिला.”

निधीताईंनी परिस्थिती सावरायला घेतली. “चला, तोवर आपण ते व्हायोलिन तरी बघू या. तिसऱ्या खोलीतच ठेवलंय.”

टिटवी मागेच रेंगाळली. पेटीत काय दिसणार ते तिला ठाऊक होतं.

दुपारच्या सरावात सरांनी ते जुनं व्हायोलिन तिच्या हातात दिलं होतं. “आज शेवटचं आहे. मला वाजवता येत नाही, तू वाजव. मी ऐकतो.” तिने वाजवलं होतं. लाकडातून मधासारखा सूर निघाला होता. मग सर वर गेले, वरून मैत्रिणींची शिट्टी आली, टिटवीने वाद्य पेटीत घातलं, झाकणात गज अडकवला आणि धूम ठोकली. गज म्हणजे ज्याने व्हायोलिन वाजवतात ती केसांची लांब काठी. वाजवताना तिच्या टोकाचा स्क्रू फिरवून केस ताणायचे आणि वाजवून झालं की सैल करायचे, नाहीतर काठी वाकते. सर हे रोज सांगायचे. दात घासायला सांगावं तसं. आणि टिटवी रोज विसरायची. आजही विसरली होती. आता पेटी उघडणार, सरांना ताणलेला गज दिसणार आणि पाहुण्यांसमोर आपली पूजा होणार!

निधीताईंनी पेटीचे खटके उघडले. झाकण वर केलं.

पेटी रिकामी होती.

मखमलीत व्हायोलिनच्या आकाराचा खळगा तेवढा होता. झाकणात गज होता. आई खाली वाकली, सर भिंतीला टेकले, निधीताईंचं हसू पहिल्यांदाच ओठांवरून निसटलं. पाहुण्याने गज उपसला आणि केसांच्या बाजूने मुठीत धरून तलवारीसारखा हलवला.

“केसांना हात लावू नका!” सर कळवळले. “तेल लागतं बोटांचं!”

सगळे रिकाम्या पेटीकडे बघत होते. एकटी टिटवी गजाकडे बघत होती. 

गज सैल होता.

३

“सरळ गोष्ट आहे,” निधीताई म्हणाल्या. “दुपारपासून मी या दारात पाहुण्यांची वाट बघत उभी आहे. इथून व्हायोलिन बाहेर गेलेलं नाही. म्हणजे ते इथेच आहे. आणि ते कोणी लपवलं हेही…” त्या सरांकडे वळल्या. “सर, बैठकीत तुम्हीच म्हणाला होतात ना, हे व्हायोलिन विकाल तर मला सोबत विका?”

“म्हणालो होतो. आजही म्हणेन,” सर शांतपणे म्हणाले. “पण ज्याला चोरायचं असतं तो आधी बैठकीत ओरडून सांगतो का, ताई?”

“रागाच्या भरात माणूस काहीही करतो.”

“मी तर रागातही पट्टी सोडत नाही.”

पाहुण्याला यात गंमत वाटेनाशी झाली होती. त्याने मफलर सैल केला. हवा जड झाली होती, भिंती जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. “हे बघा. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. व्हायोलिन मिळालं तर पैसे. नाही मिळालं तर नाही. दार उघडलं की मी वर जाऊन सगळ्यांना सांगणार, इथे काय प्रकार चालतो ते. चोरी करणारा माणूस विभागात ठेवलात, तर यापुढे तुम्हाला कोण दारात उभं करतं तेही बघतो.”

आईचा चेहरा पांढरा पडला. “सर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज टिटवीने कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. “दार उघडायच्या आत ते सापडलं नाही, तर मला तुमचं नाव विद्यापीठाला कळवावं लागेल.”

“कळव बाई,” सर म्हणाले. “तू तरी काय करशील.”

टिटवी तोंड उघडणार होती. मला सुगावा लागलाय! मी गज ताणलेला ठेवला होता, आता तो सैल आहे, म्हणजे ज्याने व्हायोलिन काढलं त्याने जाता जाता सवयीने स्क्रू फिरवला. आणि ही सवय कोणाला असते? फक्त वाजवणाऱ्याला. दुसऱ्या कोणाला सुचणारसुद्धा नाही.

तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण इथे व्हायोलिन वाजवणारा मोठा माणूस एकच होता. सर.

आयुष्यात पहिल्यांदा टिटवीला आपण कमी बोलतो तेच बरं, असं वाटलं. तिच्याकडचा एकमेव पुरावा थेट त्या माणसाच्या गळ्यात पडत होता, ज्याने तिला बोलतं केलं होतं. बाहेर जायला दार नाही, बोलायला जागा नाही. ती पेटीशी उकिडवी बसली.

“टिटवे,” सर हळूच म्हणाले. “ही बाटली उघडून दे गं. एका हाताने टोपण फिरत नाही.”

तिने टोपण फिरवलं. बाटली त्यांना दिली. आणि टोपण हातात धरून ती तशीच बसून राहिली.

एका हाताने टोपण फिरत नाही!

मग एका हाताने गजाचा एवढासा स्क्रू कसा फिरेल? एका हाताने काठी धरावी लागते, दुसऱ्याने फिरवावं लागतं. दुपारीसुद्धा गज तिनेच ताणला होता, सरांनी नुसतं सांगितलं होतं. म्हणजे सर नाहीत. सर असूच शकत नाहीत! टिटवीला नाचावंसं वाटलं. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो पहिल्याहून वाईट होता.

मग कोण?

पाहुणा? त्याने गज केसांना धरून उचलला होता. एक धडा जरी शिकला असता तरी हात तिथे गेला नसता. निधीताई?

“ताई,” टिटवी त्यांच्याजवळ सरकली, “पेटी तुम्ही शेवटची कधी उघडली?”

“मी कशाला उघडू? मला ती काठी कुठे बसते तेही माहीत नाही. एकदा काढली होती तर परत लावताना झाकणच लागेना.”

खोटं बोलणारा माणूस इतकं चिडून बोलत नाही. राहिली आई. आई पियानोवाली, शिवाय दुपारभर वर सभागृहात टिटवीच्या मैत्रिणींकडून खुर्च्या लावून घेत होती. शिट्टी वाजवल्याबद्दल त्यांना झापलंही होतं. म्हणजे आई नाही.

आणि बाबांना तर सूर आणि सुरी यातला फरक कळत नाही, असं आईच नेहमी म्हणते.

एकही माणूस उरला नव्हता. आणि व्हायोलिन नाहीसं झालेलं होतं.

४

“सर,” टिटवी म्हणाली, “एका सुरातल्या दोन तारा एकमेकींशी बोलतात, असं तुम्ही शिकवलंत ना?”

सरांनी मान वर केली. त्यांचे डोळे चमकले. “बोलतात. तू सूर बरोबर लावलास की टेबलावर ठेवलेलं माझं व्हायोलिन गुणगुणतं. चुकलीस की गप्प बसतं.”

“मग आज जुनं व्हायोलिन कुठे बसलंय ते त्यालाच विचारते!”

तिचं स्वतःचं व्हायोलिन होतं सोबत, पाहुण्याला नमुना ऐकवायला आणलेलं. तिने सगळ्यांना दाराच्या आतल्या पायऱ्यांवर बसवलं. “कोणी हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू घ्या. काका, तुमचा कोट सळसळतोय.”

“आता मी श्वासही घ्यायचा नाही?” पाहुणा पुटपुटला, पण गप्प बसला.

टिटवीने सगळ्यात जाड तारेवर गज ओढला. लांब, भरदार. मग हाताने तार दाबली आणि कान दिला. पहिली खोली, काही नाही. दुसरी खोली, काही नाही. पियानोच्या पोटात, खुर्च्यांच्या मागे, नाही. सूर लावायचा, तोडायचा, ऐकायचं. तळघर इतकं मुकं होतं की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

बोळाला पुढे वळण होतं. पायऱ्यांवरून तिथलं दिसत नव्हतं. वळल्यावर भिंतीत एक लोखंडी कपाट होतं, वर लाल कवटी आणि ‘धोका’. तिने सूर लावला. तोडला.

म्म्म्म.

कपाटाच्या आत कोणीतरी झोपेत हुंकार भरावा तसं.

टिटवीने हात पुढे केला आणि मागे घेतला. धोका! पण तिला आठवलं, हा जुना मीटर. तारा कधीच वर हलवल्या. अख्ख्या तळघरात कोरडं म्हणावं असं एवढंच कपाट. हे तिला कोणी सांगितलं होतं? जेवताना कोणीतरी सांगितलं होतं, कोशिंबीर वाढून घेता घेता…

तिने कपाट उघडलं. जुनं व्हायोलिन उताणं निजलं होतं, तारा वर, खाली मऊ घडी.

ती घडी करड्या स्वेटरची होती. कोपरावर ठिगळ. ते ठिगळ टिटवीनेच लावलं होतं, वाकडंतिकडं, वाढदिवसाची भेट म्हणून.

“सापडलं का?” पलीकडून आईने हाक मारली.

टिटवीने कपाट लावलं.

“नाही,” ती म्हणाली.

५

ती परत आली तेव्हा सगळे तसेच बसले होते. सर भिंतीला डोकं टेकून. पाहुणा घाम पुसत. आई नखं खात, जे ती टिटवीला करू देत नसे. आणि बाबा सगळ्यात खालच्या पायरीवर, डावा हात गुडघ्यावर. त्यांची बोटं हलत होती.

टिटवीने ती बोटं हजारदा पाहिली होती. गाडीच्या चाकावर, जेवणाच्या टेबलावर, फोनवर बोलताना भिंतीवर. बाबांची सवय, एवढंच सगळे म्हणायचे. आज तिने पहिल्यांदा ती नीट पाहिली. पहिलं बोट, तिसरं, दुसरं, करंगळी लांबवून. हा तिचाच धडा होता. आज ती वर सभागृहात जो वाजवणार होती तोच.

एका बाजूला सर, एका बाजूला बाबा, आणि मधे ती. बोलली तर बाबा बुडणार, गप्प बसली तर सर. बाहेरचं दार परवडलं, ते निदान लाकडाचं होतं.

मग तिची नजर त्या दारावर गेली. बिजागऱ्या आतल्या बाजूला. जुन्या पद्धतीच्या, खिळ्याचं डोकं वर आलेल्या. न्हाणीघराच्या दाराला होत्या तशाच. आणि बोळातल्याच सरांच्या खोलीत, कॉफीच्या कपात, चमचा.

टिटवी उभी राहिली. तिने घसा साफ केला.

“मला काही सांगायचंय. मधे कोणी बोलू नका. आई, तूसुद्धा.”

“टिटवे…”

“आई!”

आई गप्प बसली. का, ते तिलाही कळलं नसावं.

“दुपारी व्हायोलिन मी ठेवलं. गज ताणलेलाच ठेवला. हो सर, विसरले. पुन्हा. पण पेटी उघडली तेव्हा तो सैल होता. ज्याने व्हायोलिन काढलं, त्याला ताणलेला गज बघवला नाही. म्हणजे तो वाजवणारा माणूस. पण सर नव्हेत, त्यांना साधं टोपणही फिरवता येत नाही.”

निधीताईंचं तोंड उघडं राहिलं. सर प्लास्टरकडे बघत राहिले, जणू ते त्यांना आत्ताच दिसलं.

“काकांनी गज केसांना धरला. ताईंना तो कुठे लावतात तेही माहीत नाही. आई वर होती. म्हणजे इथे असा एक माणूस आहे, जो वाजवतो, पण ते कोणालाच माहीत नाही.” ती दाराकडे वळली. “आणि त्या माणसाला दार उघडता येतं. तो उघडत नाहीये. कारण दार उघडलं की व्हायोलिन भिंतीवर जाणार. आजची वेळ टळून जावी, एवढंच त्याला हवंय. त्याने व्हायोलिन कोरड्या जागी ठेवलंय. खाली मऊ घडी घालून. चोर असं ठेवत नाही. झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं ठेवलंय.”



“पुढचं मी सांगणार नाही,” टिटवी म्हणाली. “ज्याचं त्याने सांगावं. सरांच्या नावावर ते राहू देऊ नका. प्लीज.”

खालच्या पायरीवर बाबांची बोटं अजून गुडघ्यावर चालत होती. मग ती थांबली.

“गाडीत नाही राहिला स्वेटर,” बाबा म्हणाले.

६

आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

“तिसऱ्या खोलीत शिकायचो मी,” बाबा सांगू लागले, कोणाकडेच न बघता. “सरांच्या आधीचे गुरुजी होते. हेच व्हायोलिन होतं. मग मोठ्या परीक्षेचं वर्ष आलं. वडील म्हणाले, एकच वर्ष बंद ठेव. मी ठेवलं.” ते हसल्यासारखं करून थांबले. “ते वर्ष अजून चालूच आहे.”

“मला कधी सांगितलं नाहीत,” आई म्हणाली.

“तू या विभागाची प्रमुख. तुझ्यासमोर काय सांगू, अर्धवट सोडलं म्हणून? मग कळलं, ते काचेत जाणार. उद्या मीच शोधून दिलं असतं. तोवर आजचा सौदा टळला असता. दार असं बसेल आणि सरांवर येईल, हे…” ते उठून सरांसमोर उभे राहिले. “तुमचं नाव घेतलं गेलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. गप्प बसलो. माफ करा.”

 सरांनी चांगला हात पुढे केला. “माफी नंतर बघू. गज सैल केलास, तेवढं पुण्य तुझ्या खाती मांडतो.”

निधीताई खाकरल्या. “सर, मी मघाशी…”

“ताई, तुम्ही पट्टी सोडली होतीत,” सर म्हणाले. “असू दे.”

पाहुणा काहीतरी मोठं बोलणार होता. मफलर हातात, छाती पुढे. पण मधे आली टिटवी, आणि या वेळी प्रश्न पैजेचा नव्हता.

“काका, तुम्ही एक तास इथे कोंडलेले होता. कसं वाटलं?”

पाहुण्याने ओल्या भिंतींकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. “जीव गुदमरला,” तो कबूल झाला.

“व्हायोलिनला काचेत रोज तसंच वाटेल. न वाजवलेलं वाद्य मुकं होतं. तुम्ही ते विकत घ्या, ते तुमचंच. भिंतीवरही लावा. पण अधूनमधून खाली काढू द्याल?”

“भिंतीवरचं खाली काढायचं?” पाहुणा म्हणाला. “आणि येणारी माणसं काय बघतील, रिकामी भिंत?”

“बघणार नाहीत. ऐकतील.”

तो हसला. या वेळचं हसू छोटं होतं, पण त्याचं स्वतःचं. “काच तरी नको मग. उघडझाप कोण करत बसणार. पण मला आधी इथून बाहेर काढा. पैसे वर जाऊन देतो.”

बाबांनी कपाटातून व्हायोलिन काढून सरांच्या हाती दिलं आणि त्यांच्या खोलीतून चमचा आणला. दांडा खिळ्याखाली घातला, तळव्याने वर ठोकलं. पहिला खिळा सुटला तेव्हा टिटवीने टाळ्या पिटल्या. दुसरा सुटला, तिसरा सुटला, आणि बाबांनी दार उचलून भिंतीला टेकवलं. जिन्यातून वरची हवा आली. ती नुसती हवा होती, पण टिटवीला वाटलं, असं काही आपण कधी प्यालोच नव्हतो.

पाहुणा आणि निधीताई पुढे झाले. सर जुनं व्हायोलिन छातीशी धरून मागोमाग गेले. खाली तिघंच राहिले. बाबांनी स्वेटर चढवला. ठिगळाचा कोपर वर आला.

आई अजून बाबांकडेच बघत होती. चिडली होती, रडकुंडीलाही आली होती, आणि कुठून सुरू करावं ते तिला कळत नव्हतं. मग तिने सवयीने टिटवीचा खांदा धरला. “चल वर. आजचा कार्यक्रम छान वाजव. मग आपलं ठरलंय तसं…”

ठरलेलं टिटवीला पाठ होतं. आजचा शेवटचा कार्यक्रम. मग मोठ्या परीक्षेचं वर्ष. गेल्या महिन्यात आई म्हणाली होती, “मी यातच आहे म्हणून सांगते, यात काय मिळतं ते डोक्यावर पडणाऱ्या पोपड्यांना विचार. एकच वर्ष बंद ठेव.” बाबा तेव्हा जेवत होते. काही बोलले नव्हते. नुसती बोटं टेबलावर हलत होती.

टिटवी पहिल्या पायरीवर चढली, म्हणजे तिघांची डोकी एका उंचीला आली.

“आई, बाबा, ऐका. मी एक वर्ष बंद ठेवणार नाही. अभ्यास करीन, परीक्षा देईन, नापास होणार नाही, पण व्हायोलिन सुरूच राहणार. आई, तू सगळ्या जगाला सांगतेस ना, या खोल्यांसाठी पैसे द्या म्हणून? मग त्या खोल्यांत वाजवायला कोणीतरी नको?” ती बाबांकडे वळली. “आणि शनिवारच्या तासाला बाबा माझ्यासोबत येणार. सरांना मी विचारलं नाहीये, पण ते नाही म्हणणार नाहीत. त्यांच्या हाताचं प्लास्टर निघेपर्यंत गज ताणायला आणि सैल करायला कोणीतरी लागेलच. आणि मी तर विसरते.”